गावातल्या गावात

सकाळचा उजेड आमच्या घरात एकदम येत नाही. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. तिला वळसा घालून तो आधी आमच्या झरोक्यापाशी येतो, आणि काचेवरच्या धुळीतून गाळून घेतल्यासारखा आत उतरतो. पहिल्यांदा कपाटाच्या माथ्यावर ठेवलेली बाबांची बॅग दिसू लागते. मग कपाटाचा आरसा; पण त्यात काहीच नसते, उजेडच तेवढा असतो. मग तो भिंतीवरून खाली सरकतो, खिळ्याला अडकवलेल्या आईच्या पर्सचा पट्टा ओलांडतो आणि पलंगावर येतो. आई तोवर उठलेली असते, कारण लाँड्रीतली तिची पाळी लवकरची आहे. पलंग रुंद, दोन माणसांचा. भिंतीकडची बाजू सपाट आहे. तिथे उजेड सांडलेल्या पाण्यासारखा पसरतो. दाराकडच्या बाजूला गादी खोल गेली आहे, आणि खोलीतले सगळे स्पष्ट झाल्यावरही तिथे थोडी सावली साचून राहते, चादर कितीही ताणून घातली तरी. या उजेडात विशेष असे काही नाही. रोज दिसणाऱ्या गोष्टीकडे माणूस जितके पाहतो तितकेच मी त्याच्याकडे पाहत आलो होतो.

सगळ्यात शेवटी तो बाहेरच्या खोलीत पोहोचतो. तिथे अरुंद बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन, बाबा झोपलेले असतात. बाबांनी आयुष्यभर लांबच्या गाड्या चालवल्या. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा गाडी सोडली, पण केबिनमधल्या फळीवरची झोप काही सुटली नाही. आई आत पलंगावर बोलावते तेव्हा ते म्हणतात, "पाय लांब केले की माझी झोप उडते."

मला ट्रकचा परवाना मिळाला, त्या दिवशी बाबांनी तो हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला आणि म्हणाले, "फोटोत तरी हसायचं होतंस." एवढेच. पण संध्याकाळी ते गल्लीच्या तोंडाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते की पोरगा आता लांबच्या गाडीवर जाणार.

'लांबची गाडी' हा आमच्या घरातला मोठा शब्द होता. त्या शब्दाने बाबा घरातून जात आणि त्या शब्दानेच त्यांचे नसणे समजावून सांगितले जाई. मोठेपणी काय होणार असे कुणी विचारले की मी तोच शब्द सांगत असे. मी मुळात कमी बोलणारा. चार माणसांत माझे हात मला जड होतात. केबिनमध्ये एकटा बसून माणूस दिवसेंदिवस जाऊ शकतो, कुणाशी बोलावे लागत नाही, हे मला माझ्याच मापाने शिवलेल्या सदऱ्यासारखे वाटायचे.

पण नव्या परवान्यावर लांबची गाडी कुणी देत नाही. बाबांच्या जुन्या ओळखीचे एक गृहस्थ गाद्यांच्या कारखान्यात मॅनेजर होते. ते म्हणाले, "आधी गावातल्या गावात फिर. दुकानं, वसतिगृहं, घरं. हात बसू दे. मग लांबची गाडी तुझीच."

घरी आल्यावर बाबांनी विचारले, "माल कसला?"

"गाद्या."

त्यांनी लोखंड वाहिले होते, यंत्रे वाहिली होती. "वजन तरी असतं का गाद्यांना?"

"फार नसतं."

"मग तू गाडी चालवणार की पतंग उडवणार?"

"अहो, पहिलीच नोकरी आहे त्याची," आतून आई म्हणाली.

"असू दे की. काठाकाठानंच पोहायला शिकतात सगळे. काठाला चिकटून बसू नकोस म्हणजे झालं."

पतंगाचे मात्र त्यांचे खरे निघाले. गाद्या भरल्या की गाडी उंच होते पण जड होत नाही, आणि मोकळ्या रस्त्यावर बाजूने वारा आला की सगळी गाडी खांदा उडवल्यासारखी हलते. ते सावरायला मला पहिले काही दिवस गेले. त्यापेक्षा अवघड होते मागे येणे. लांबच्या रस्त्यावर गाडी पुढे जाते. गावातल्या गावात ती निम्मा दिवस मागे मागेच येत असते, गल्लीत, फाटकात, दुकानाच्या पाठच्या बोळात. आरशात दिसते ते अर्धेच. उरलेले अर्धे मागे उभ्या असलेल्या माणसाच्या आवाजावर सोडावे लागते.

माझ्या मागे उभा राहणारा माणूस म्हणजे वकील. माल उतरवायला तो माझ्याबरोबर असे. त्याचे खरे नाव कारखान्यात बहुधा कुणालाच माहीत नव्हते. भावाबरोबरच्या जागेच्या वादापायी त्याने इतकी वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या की तो कुठल्याही गोष्टीवर हरकत घेई. चहा गोड झाला तरी हरकत, कमी गोड झाला तरी हरकत.

पहिल्याच आठवड्यात आमचा खटला उभा राहिला. एका बैठ्या घरासमोर मी गाडी मागे घेत होतो. रस्ता अरुंद, पाठीमागे गाड्यांची रांग. वकील नेहमीच्या सुरात "येऊ दे, येऊ दे" करत होता, आणि मी "बस" ऐकून ब्रेक दाबला. गाडी रस्त्यात आडवी उभी राहिली. मागचे भोंगे सुरू झाले. वकील केबिनच्या खिडकीशी आला.

"कुणी सांगितलं थांबायला?"

"तुम्हीच बस म्हणालात."

"मी? हरकत आहे माझी. माझं येऊ दे अजून चालूच होतं."

बस म्हटले होते ते त्या घरातल्या एका बाईने, आणि तेही घरातल्या म्हातारीला. नवी गादी येणार म्हणून म्हातारी ओट्यावर येऊन उभी राहिली होती. "आई, तुम्ही आधी खाली बसा," सून म्हणाली, आणि तिच्या मागून म्हातारीची बहीण ओरडली, "अगं बस, बस, पडशील." एवढे होऊनही म्हातारी बसली नाहीच. बसली ती नव्या गादीवर, आम्ही ती पलंगावर टाकल्यावर.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झाले, तिसऱ्या दिवशीही. तेव्हा आमच्या लक्षात आले की हे गादीच्याच धंद्यात व्हायचे. ज्या घरी गादी येते त्या घरात सगळेजण एकमेकांना एकच गोष्ट सांगत असतात: बस ना, बसून बघ, तू आधी बस. सिमेंटच्या गाडीला ही अडचण नाही.

"मग थांब म्हणू," मी सुचवले.

"थांब तर त्याहून जास्त म्हणतात. थांब, चादर काढते. थांब, पलंगाखालचं आवरते." वकिलाने डोके खाजवले. "असा शब्द पाहिजे की जो घरात कुणी बोलतच नाही, आणि जो ऐकला की सगळं जागच्या जागी थांबतं." थोड्या वेळाने त्याचा चेहरा उजळला. "तारीख."

"काय?"

"अरे, कोर्टात सगळं कशावर थांबतं? साक्षीदार हजर, कागद हजर, साहेब म्हणतात, तारीख. संपलं. पान हलत नाही."

तेव्हापासून आमची गाडी तारखेवर थांबू लागली. "येऊ दे, येऊ दे, उजवं घे, येऊ दे, तारीख." गल्लीतले लोक वळून पाहत. एका दुकानदाराने खरोखरच त्या दिवशीची तारीख सांगितली. माझ्या पायाला तो शब्द इतका मानवला की वकिलाने केबिनमध्ये कोर्टाची हकिकत सांगायला घेतली तरी माझा पाय ब्रेककडे सरके, आणि मला त्याला म्हणावे लागे, "चालू गाडीत तुमची केस नको."

मला जे आवडू लागले होते ते मी कुणाला सांगितले नाही. आम्ही लोकांच्या अगदी आतल्या खोलीत जात असू. नातेवाइकांनाही जिथे नेत नाहीत तिथे आम्हाला नेत, आणि कुणी माझ्याकडून बोलण्याची अपेक्षा करत नसे. "इकडे घ्या. भिंतीला लावा. सांभाळून, तिथे दिवा आहे." उशाशी पडलेला चष्मा, पाण्याचा झाकलेला पेला, पलंगाखाली एकच चप्पल. एका खोलीत छताला चांदण्या चिकटवल्या होत्या आणि पलंगावर पन्नाशीचा माणूस झोपत होता. पाच मिनिटे मी त्या घरातला असे, आणि मग दुसऱ्या घरातला. माझ्यासारख्या माणसाला पाच मिनिटे पुरतात. संध्याकाळी गाडी लावून घरी जाताना मला दिवसभराच्या सगळ्या खोल्या आठवत, आणि मग आमची स्वतःची. ही केवळ सवय आहे, असे मी स्वतःला सांगत होतो. गावातले काम सोपे असते, म्हणून बरे वाटते. लांबची गाडी मिळाली की तेही बरे वाटेल.

जुनी गादी आम्ही परत न्यायची, असा कारखान्याचा रिवाज होता. ती जिन्यावरून उतरवताना वकील तिच्यावरचे खळगे वाचत असे. "इथे कुत्रं झोपतं, आणि मालकाला वाटतं ते बाहेर झोपतं." "ह्या दोघांचं पटत नाही बघ, मधे बांध घातलाय." "हा माणूस बरेच दिवस उठलेला नाही." मी एकदा म्हणालो की हे सगळे तुम्ही रचून सांगता. तो गंभीर झाला. "साक्षीदार फुटतो. मी स्वतः फुटलेले पाहिलेत. गादी फाटेल, पण फुटणार नाही."

पावणेदोन महिन्यांनी मॅनेजरने बोलावले. लांबच्या गाडीवरचा एक जण काम सोडून गेला होता. "तुझा नंबर," ते म्हणाले. "उद्या मोठी गाडी धक्क्याला लावून दाखव आणि सोमवारी पहाटे नीघ. बारा-पंधरा दिवसांची फेरी. उस्तादांनाही घेऊन ये उद्या, बघू दे त्यांना." बाबांना ते उस्ताद म्हणत.

मी मान हलवली. माझी मान मला न विचारताच हलते. लाजऱ्या माणसांचे असे पुष्कळ निर्णय मानेनेच होऊन गेलेले असतात.

बाबा दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून आले. कारखान्याच्या पाठीमागे माल चढवण्याचा धक्का आहे, त्याच्या कडेला रबराचे ठोकळे बसवले आहेत. मोठी गाडी माझ्या रोजच्या गाडीच्या दुप्पट लांब होती. मॅनेजर म्हणाले, "उस्ताद, मागचं तुम्हीच बघा." वकील पुढे झाला होता, तो बाजूला सरला.

"येऊ दे," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज भारदस्त आहे, त्यात घाई नसते. "येऊ दे. डावं घे थोडं. हां. येऊ दे. येऊ दे. बस."

मला ते स्वच्छ ऐकू आले. पण पाय हलला नाही. पायाच्या लेखी तो शब्द कुठल्या तरी घरातल्या कुणासाठी होता. तो स्वतःच्या शब्दाची वाट पाहत राहिला. "अरे बस," बाबा पुन्हा म्हणाले, आणि गाडी ठोकळ्यांवर टेकली. मागे काहीतरी करकरले.

बाबा गुडघे सांभाळत केबिनपाशी आले. "कान कुठे ठेवून आलास?"

"उस्ताद, त्याची चूक नाही," वकील धक्क्यावरून म्हणाला. "तो बसवर थांबत नाही. त्याला तारीख द्यावी लागते."

"कसली तारीख?"

वकिलाने सगळा प्रकार सविस्तर मांडला. मॅनेजर हसत हसत धक्क्याच्या कडेला टेकले. बाबा हसले नाहीत. ते माझ्याकडे पाहत होते, रस्ता चुकलेला ड्रायव्हर पाटीकडे पाहतो तसे.

गाडी टेकली त्या क्षणी, शरम वाटण्याच्या आधी, मला आतून एकदम हलके वाटले होते. सुटलो, असे काहीतरी. बाबा गाडीपासून दूर उभे होते, त्यांना काही झाले नाही, म्हणून तसे वाटले असणार, असा अर्थ मी लावला आणि केबिनमधून उतरलो.

मॅनेजरने वाकून पाहिले. "दिव्याची काच गेली. एवढंच ना? लांबच्या गाडीला मागे यावं लागतंच किती वेळा? सोमवारी नीघ."

माझी मान पुन्हा हलली.

घरी बाबांनी कपाटावरची बॅग खाली काढली, पुसली आणि चेन चालते का ते पाहिले. कुठल्या घाटात गिअर कुठे बदलायचा, कुठल्या ढाब्याशी थांबायचे नाही, हे ते जेवताना सांगत राहिले. ते असे बोलताना फार देखणे दिसतात. आई ऐकत होती. "बारा-पंधरा दिवस," ती एकदा म्हणाली, आणि उठून पाणी आणायला गेली.

शिलाई वाकडी गेलेली गादी कारखाना विकत नाही, कामगारांतच देऊन टाकतो. माझा नंबर लागला होता. शनिवारी आईला सुटी होती, म्हणून सकाळच्या फेरीच्या आधी मी आणि वकील गादी घेऊन आमच्या गल्लीत आलो. आमची गल्ली अशी की बाबांनी त्यांची गाडी कधी आत आणलीच नव्हती. ती चौकाच्या पलीकडे उभी असे आणि ते चालत येत. मी गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. वकील उतरून मागे गेला, आणि मला आरशात बाबा दिसले. त्यांनी हाताने वकिलाला बाजूला केले.

"मी बघतो," ते म्हणाले. मग जरा मोठ्याने, "येऊ दे."

मी क्लच अगदी हळू सोडत होतो. डाव्या आरशात शेजाऱ्यांच्या कुंड्या, उजव्यात आमच्या जिन्याचे दार.

"येऊ दे. उजवं घे. येऊ दे. येऊ दे." मग थोडा वेळ आवाज आला नाही. मला वाटले ते 'बस' म्हणतील, आणि मी पायाला बजावून ठेवले की यावर थांबायचे. पण बाबा, दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखे अवघडून, म्हणाले, "तारीख."

गाडी जागच्या जागी थांबली.

"मंजूर," वकील म्हणाला.

जुनी गादी आम्ही पलंगावरून उचलून उभी केली. झरोक्यातला उजेड तिच्यावर आडवा पडला. वकिलाने सवयीने तिच्यावरून हात फिरवला. आपण कुणाच्या घरी आहोत हे तो विसरला असावा.

"एकटंच माणूस झोपतं ना हिच्यावर?"

"नाही," मी म्हणालो. "दोघांची आहे."

"हरकत. ही बाजू बघ, पार बसलीये. आणि ही..." त्याने तळवा दाबून उचलला. भरण लगेच वर आले. "ही कोरी आहे. कारखान्यातून आली तशी." एवढे बोलल्यावर त्याला उमगले, आणि तो गादीच्या शिवणीकडे पाहू लागला.

आई दारात उभी होती. तिच्या आवाजात काहीही नव्हते. "मी म्हणतच होते, फिरवून घातली असती तर अजून चालली असती. भिंतीकडची बाजू नवीच आहे. पण एकटीला कुठे उलटते."

बाबा बाहेरच्या खोलीत बाकाच्या कडेला बसले होते. त्यांनी ऐकले. पाय सरळ केले आणि पुन्हा दुमडले.

आम्ही नवी गादी घातली. शिलाई एका कोपऱ्यात दिसण्याइतकी वाकडी होती. आईने तो कोपरा पायथ्याला जाईल अशी ती फिरवून घ्यायला सांगितली. मग वकील, झालेले निस्तरायला म्हणून असेल, बाहेर वळून म्हणाला, "उस्ताद, या. बसून बघा."

बाबा आले. पलंगाशी थोडा वेळ उभे राहिले आणि भिंतीकडच्या बाजूला, अगदी कडेला, बसले. बसमध्ये अनोळखी माणसाशेजारी बसावे तसे.

"कशी आहे?" आईने विचारले.

"मऊ आहे."

"सवय होईल."

मी आणि वकिलाने जुनी गादी खाली नेली. जिन्यात वकील एक शब्द बोलला नाही. मला ते त्याच्या बोलण्यापेक्षा जड झाले. गादी गाडीच्या हौद्यात टाकून त्याने मागचा फाळका लावला. मी केबिनमध्ये चढलो आणि इंजिन सुरू केले. आम्हाला दिवसभरात बरीच घरे करायची होती. पहिले घर नदीपलीकडचे, तिसरा मजला, आणि त्या घरच्या बाईंनी फोनवर दोनदा सांगितले होते की जिन्यात दिवा नाही.

बाबा खाली आले. त्यांच्या हातात बॅग होती. खिडकीशी येऊन त्यांनी ती वर धरली. "गाडीतच ठेव आता. सोमवारी पहाटे कुठे शोधत बसतोस." मग माझ्याकडे न पाहता, "आतून नवा कागद घातलाय तुझ्या आईनं."

मी बॅग घेतली नाही.

"धर की. गुडघे दुखतात माझे."

"बाबा."

"काय?"

मी बोललो, पण इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू गेले नाही. त्यांनी कानामागे हात नेला. वकील पलीकडच्या दाराने आत येऊन बसला होता आणि समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहत होता. मी किल्ली फिरवून गाडी बंद केली. गल्ली शांत झाली. वर आमच्या खिडकीत आई चादर झटकत होती, त्या झटकण्याचा आवाजही आता येत होता.

"मला लांबची गाडी नको आहे, बाबा," मी म्हणालो. "ती मला कधीच नको होती."